शेवंती कुणाकडे बघते

“मामा, आता हललात तर माझ्याशी गाठ आहे,” मी कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले.

धाकूमामा हलले नाहीत. शेवंतीच्या गळ्याशी, डाव्या हातात लगाम धरून, लग्नातल्या फोटोसारखे ताठ उभे राहिले. उजव्या हाताने त्यांनी डोक्यावरची लाल टोपी सारखी केली. मागे दरी, उन्हाची तिरीप नेमकी दोघांच्या तोंडावर. मी श्वास रोखला, बटणावर बोट नेलं, आणि दाबायच्या ऐन क्षणी तो उंचापुरा माणूस गुडघ्यांत वाकून घोडीच्या मानेमागे गडप झाला. फोटोत आली ती घोडीची मान, तिच्याखाली खाकी पँटचे दोन पाय आणि लगामावरचा एक हात.

“अहो, मामा.”

मानेमागून आवाज आला, “चुकलं ताई. सवय हाय.”

सवय कुणी लावली म्हणाल, तर आम्हीच. माथेरानात मोटार चालत नाही, म्हणून आमचं सगळं गाव घोड्यांच्या पायांवर उभं. बाजारपेठेत माझ्या वडिलांचा, भाऊंचा, फोटोस्टुडिओ होता आणि भाऊंचे गुडघे गेल्यावर तो माझ्याकडे आला. धंदा सरळ होता. सकाळी पॉइंटावर जायचं, घोड्यावर बसलेल्या पाव्हण्यांचे फोटो काढायचे, संध्याकाळपर्यंत धुऊन हॉटेलावर पोचवायचे. घोड्यावर बसलेला पाव्हणा आदल्या दिवशी डोंबिवलीहून आलेला असतो, लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि घोडा बैलापेक्षा सावकाश चालत असतो. पण फोटोत मात्र प्रत्येकाला आपण एकट्याने मुलूख मारून आल्यासारखं दिसायचं असतं. म्हणून भाऊंचा नियमच होता: फोटोत घोडेवाला आला की गिऱ्हाईक फोटो घेत नाही. आम्ही “हं” म्हटलं की घोडेवाल्याने घोड्याच्या पलीकडे उकिडवं बसायचं. वर्षानुवर्षं गावातल्या सगळ्या घोडेवाल्यांनी कॅमेऱ्यासमोर हीच एक कवायत केली होती.

धाकूमामा तर दोन पावलं पुढे गेले होते. कान पाडलेला घोडा फोटोत गाढवासारखा दिसतो, हे त्यांनी भाऊंकडून ऐकलं होतं. त्यावर त्यांनी आपली युक्ती काढली. लगाम खोगिराला अडकवायचा, गिऱ्हाइकाला “घट्ट बसा” म्हणायचं आणि स्वतः फोटोग्राफरच्या पाठीमागे येऊन उभं राहायचं. मग जीभ टाळूला लावून दोनदा टक-टक करायचं. शेवंती जिथे असेल तिथे मान उचले, कान पुढे घेई, डोळे मोठे करी आणि अशी बघे, की वाटावं, तिला आपल्याशी काही बोलायचं आहे. पाठीवरच्या पाव्हण्याला वाटे, घोडी आपल्यासाठी ऐटीत उभी आहे. ती ऐट आमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या लाल टोपीसाठी असायची.

हा सगळा खटाटोप खोर्शेदबाईंच्या कॅलेंडरसाठी चालला होता. खोर्शेदबाईंचा गावात बंगला होता आणि मुंबईत मुक्या जनावरांसाठी काम करणारी एक संस्था. त्या दिवाळीनंतर आल्या आणि स्टुडिओत बसून म्हणाल्या, “कुमुद डिकरी, मला नुसता घोडा नको हां. घोडा आणि त्याचा माणूस, दोघं एकसाथ. बघणाऱ्याला प्रेम दिसला पाहिजे.”

बाकीच्यांचं प्रेम मी एका आठवड्यात गोळा केलं. मामांचा पुतण्या बरकू गॉगल लावून आला, कुणी नवा सदरा घालून आलं, कुणी घोड्याचा मुका घेतला. अडलं ते फक्त धाकूमामांपाशी. आणि खरं सांगायचं तर मला फोटो हवा होता तो त्यांचाच, कारण गावात घोडे पुष्कळ होते, पण संध्याकाळी जे व्हायचं ते एकाच घोडीचं व्हायचं.

काम संपलं की मामा बाजारपेठेच्या तोंडाशी खोगीर उतरवायचे. मग शेवंतीच्या तोंडावरची म्होरकी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकायचे आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “जा घरला.” शेवंती मान झटकायची आणि एकटी निघायची. भर बाजारातून, चिक्कीच्या दुकानांसमोरून, माणसांच्या मधून, कुणाला धक्का न लावता ती धनगरवाड्यावरच्या आपल्या दारात जाऊन उभी राहायची. मामा मागून चहा पिऊन, दोन माणसांशी बोलून सावकाश पोचायचे. तोवर तानीमामीने तिच्यापुढे हरभरे ठेवलेले असायचे. नवे पाव्हणे सुटलेली घोडी बघून भिंतीला चिकटायचे आणि आम्ही दुकानदार हसायचो.

तर त्या दिवशी पॉइंटावर पुन्हा एकदा मामा मानेमागे गेले आणि मी वैतागून दगडावर बसले. तेही येऊन समोर बसले. बसताना त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. शेवंती चरत होती, ती चरणं सोडून जवळ आली आणि त्यांच्या टोपीवर तोंड ठेवून उभी राहिली.

“औषध घेताय ना?” मी विचारलं.

“घेतो की.” त्यांनी तोंड पुसलं. “कर्जतच्या डाक्टरनं सांगितलंय, छातीत सगळी लाल माती बसलीया. चालणं बंद करा म्हणला.”

घोडेवाल्याला चालू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यापैकी. आमच्याकडे घोड्यावर पाव्हणा बसतो, घोडेवाला जन्मभर शेजारून चालतो.

“मग?”

“मंग काय. हा शेवटचा सीझन. पावसाळ्याच्या आत हिची सोय लावायची. बसून राहिलेल्या मानसाला बसून राहिलेली घोडी पोसत नाय, ताई.” त्यांनी हात वर करून न बघताच तिचं कपाळ खाजवलं. “मला पोरगा नाय. पोरगी हौसा, ती दिली नेरळला. मागं राहिली ही. माझं म्हणणं येवढंच, की हिला चांगल्या मानसाच्या हातात देऊन मी मोकळा व्हावा. फटाक्याला भिती ही. शीळ घातल्याबिगर पाणी पीत नाय. ही असली नाजूक घोडी कोण संभाळनार, त्याची काळजी हाय बगा. माझी नाय.”

मी उठून कॅमेरा घेतला. मामा सवयीने उठले, लगाम खोगिराला अडकवला आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. टक-टक.

शेवंतीने मान उचलली. मी फोटो काढला.

खोर्शेदबाईंनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला. “अरे, माणूस किधर छे? मी तुला काय सांगितला होता?” पण फोटो त्यांच्या हातून खाली ठेववेना. चष्मा काढून बघितला, लावून बघितला. शेवटी कॅलेंडरच्या पहिल्याच पानावर शेवंती एकटी छापली गेली.

मामांनी बरकूकडे घोडी द्यायचं ठरवलं, कारण घरातली घरात राहील. बरकू पोरगा कष्टाळू होता, जनावराला मारायचा नाही. होळीच्या सुमाराला त्याने शेवंती चालवायला घेतली. मामा घरी बसू लागले. आणि मग गावाला हसायला विषय मिळाला. शेवंती ठाण्याच्या एका जाड्या बाईंना पाठीवर घेऊन पॉइंटाकडे निघाली, आणि वाटेत धनगरवाड्याच्या वळणावर थांबली, कान टवकारले आणि सरळ वळून मामांच्या दारात गेली. बरकू लगामाला लोंबकळत मागे. तिने दारातून मान आत घातली. बाई पाठीवरच, छपराच्या पत्र्याला डोकं टेकवून. आत मामा खाटेवर बसून खोकत होते.

तानीमामीने बाईंना चहा पाजला म्हणतात. मीही हसले तेव्हा.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा कुणी हसलं नाही. घरात जीव रमेना म्हणून मामा कड्याजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते. बरकू शेवंतीवर एका लहान मुलीला घेऊन कड्याच्या वाटेने येत होता. मामांनी त्यांना पाहिलंच नव्हतं. त्यांना खोकला आला, आणि शेवंती त्या अरुंद वाटेवर जागच्या जागी गर्रकन वळली. मुलगी घसरली. बरकूने तिला हवेतच धरलं, म्हणून दरीपर्यंत गोष्ट गेली नाही. शेवंती मात्र टपरीपुढे येऊन मामांच्या टोपीवर तोंड ठेवून उभी राहिली, जशी नेहमी राहायची तशीच.

संध्याकाळी मामा स्टुडिओत आले. बाकावर बसून टोपी हातात फिरवत राहिले.

“डोंगरावर नाय राहायची ती आता,” ते म्हणाले. “कुनालाबी दिली तरी माझ्यापाशी येनार. हाक नाय मारली, तोंड नाय दाखवलं, तरी खोकल्यावर वळती. खोकला का माझ्या हातात हाय, ताई?”

“तुम्हीच काही दिवस नेरळला हौसाकडे जाऊन राहा.”

“जाईन की. पर मी काय कायमचा जाऊ शकतो हितनं? माझी म्हातारी, माझं घर हितं. आनि मी खाली गेलो, का ती रोज दारात येऊन मला हुडकंल.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “तिलाच जायला लागंल.”

कल्याणचा एक बँडवाला वरातीसाठी घोडी बघायला आला. मामांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि घोडी दाखवलीच नाही. “गनपतीत कुठं लांब फटाका वाजला तरी ती थरथर कापती. वरातीत तिला रोज मारायची का?” असं ते नंतर मला म्हणाले. उन्हं वाढत होती, पावसाळा जवळ येत होता, आणि मामा दिवसेंदिवस खंगत चालले होते. चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा आता ते दोनदा बसून जायचे.

मग एक दिवस स्टुडिओच्या दारात पांढऱ्या मिशांचा एक ताठ गृहस्थ उभा राहिला. हातात खोर्शेदबाईंचं कॅलेंडर गुंडाळलेलं. त्याने ते काउंटरवर उलगडलं.

“हा फोटो तुम्ही काढलात?”

“हो.”

“ही कुणाकडे बघते आहे?”

इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला होता, वाहवा केली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला एकदम रडूच आलं, का ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, “धाकूमामांकडे.”

“मग आधी त्यांना भेटतो,” तो म्हणाला. “घोडीला नंतर.”

त्यांचं नाव कॅप्टन रणदिवे. पुण्याच्या बाहेर, शेतांच्या मधोमध त्यांची लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची शाळा होती. मी त्यांना धनगरवाड्यावर घेऊन गेले. आणि मग मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीचा बाप जे प्रश्न विचारतो ते सगळे मामांनी विचारले. तिकडे फटाके वाजतात का. शेजारी मंगल कार्यालय आहे का. पायाखाली माती आहे की फरशी. तिच्याशी बोलायला कुणी असतं की नुसतं खायला घालून निघून जातात.

“मी बोलतो,” कॅप्टन म्हणाले. “बायको वारल्यापासून घोड्यांशीच बोलतो.”

मामांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग बादली आणून शेवंतीपुढे ठेवली. “शीळ घाला.”

कॅप्टनांनी मिशांखालून ओठ मुरडले. नुसता वारा निघाला. पुन्हा प्रयत्न केला. तानीमामीने तोंडाला पदर लावला. शेवंती बादलीपुढे शांत उभी होती, पाण्याला तोंड लावत नव्हती. मग मामांनी हळूच, दम जपत, एक लांब शीळ घातली आणि ती प्यायला लागली.

“जमंल तुम्हाला,” मामा म्हणाले. “लई जोरात नाय घालायची. झोपलेल्या पोराजवळून जाताना घालावी तशी.”

कॅप्टन दोन दिवस गावात राहिले. बाजारातून जाताना त्यांच्या मिशांतून फुसफुस ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी शीळ घातली आणि शेवंती प्यायली. मामा घरात गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. तानीमामीने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, “झालं. दिली म्हना.”

ट्रक दस्तुरीच्या नाक्यापर्यंत येतो, पुढे गावात त्याला वाट नाही. मामांनी मला आदल्या दिवशी निरोप धाडला होता: ‘कॅमेरा घेऊन या, पाठवणीचा एक फोटू हवा.’ सकाळी मी पोचले तेव्हा ते तिला घेऊन आलेले होते. एवढी वाट ते कसे चालले देव जाणे. तानीमामीने शेवंतीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं होतं, आयाळीला रंगीत गोंडे बांधले होते आणि ती तिला गुळाचे खडे चारत होती. एक खडा घोडीला, मग डोळ्यांना पदर, मग पुन्हा खडा.

कॅप्टनांनी नवी चामड्याची म्होरकी आणली होती. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. मामांच्या नुसतं लक्षात आणून द्यावं म्हणून तानीमामी म्हणाली, “म्होरकी आपली आपल्याकडं ठेवा हां.”

“व्हय,” मामा म्हणाले. त्यांनी शेवंतीच्या कानामागची गाठ सोडली, म्होरकी तिच्या तोंडावरून उतरवली आणि सवयीने आपल्या खांद्यावर टाकली.

आणि शेवंतीने मान झटकली. वळली. गावाच्या दिशेने निघाली.

काय झालं ते कळायला आम्हाला क्षणभर लागलं. तिच्या लेखी म्होरकी निघाली म्हणजे दिवस संपला. आज ओझं नव्हतं, पाव्हणा नव्हता, लवकर सुट्टी झाली होती. ती लाल मातीच्या चढावरून रोजच्या चालीने, गोंडे हलवत, घरी निघाली होती. ट्रकवाल्याचा माणूस धरायला धावणार होता, कॅप्टनांनी हात आडवा करून त्याला थांबवलं.

मामांनी हाक मारली असती तर ती परत आली असती. ते हाक मारत नव्हते. खांद्यावरची म्होरकी घट्ट धरून ते तिच्या पाठीकडे बघत होते. ती लहान लहान होत चालली.

“जाऊ द्या तिला,” तानीमामी एकदम म्हणाली. “काय व्हायचं ते व्हईल. मी कोंडा मागून आनीन, पर जाऊ द्या तिला घरी.”

मामांचे ओठ हलले. मला वाटलं ते हो म्हणणार. मला ते हवंही होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण बोलायला म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि उबळ आली. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड दाबलं, टोपी तोंडात कोंबली, तरी ती आवरेना.

वर चढावर शेवंती थांबली. कान फिरले. ती वळली आणि तशीच, जराही घाई न करता, सगळा चढ उतरून खाली आली. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. तिने त्यांच्या उघड्या डोक्यावर तोंड ठेवलं.

खोकला थांबल्यावर मामांनी कॅप्टनांकडे हात पसरला. कॅप्टनांनी नवी म्होरकी त्यांच्या हातात दिली. मामांनी ती तिला घातली, पट्टा बसवला, खाली बोट घालून कुठे काचत नाही ना ते पाहिलं. ट्रकच्या फळीवरून आधी ते स्वतः चढले. तिला ओढावं लागलं नाही. ते गेले म्हणून ती गेली.

आत त्यांनी तिला वळवून, तोंड मागच्या फळीकडे करून सैल बांधलं. मी मागच्या बाजूला कॅमेरा घेऊन उभी होते. मला वाटलं, निदान आता, हा एक फोटो दोघांचा मिळेल. मी कॅमेरा उचलला. मामा तिच्या मानेपाशी उभे होते, एक हात आयाळीत. मग ते गुडघ्यांत वाकले, तिच्या मानेखालून पलीकडे गेले, आणि बाजूच्या फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून खाली उतरले. सगळा जन्म जे आमच्या कॅमेऱ्यापुढे केलं, तेच त्यांनी तिच्यापुढे केलं. तिला कळलंसुद्धा नाही, ते कधी गेले.

मग कळलं. ती मान वळवून शोधू लागली. खूर फळ्यांवर आपटायला लागले. ट्रक सुरू झाला तशी ती थरथरली.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, टक-टक ऐकू आलं.

शेवंतीने मागच्या फळीवरून मान बाहेर काढली. कान पुढे झाले. खुरांचा आवाज थांबला. तिने आमच्याकडे बघितलं, जशी नेहमी बघायची तशी.

“काढा ताई,” मामा माझ्या मागून म्हणाले.

मी फोटो काढला. ट्रक हलला. टक-टक चालूच होतं. ट्रक उताराला लागला, लांब गेला, तिला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी वळणाआड होईपर्यंत तिचे कान पुढे होते आणि माझ्यामागे मामांची जीभ थांबली नाही. मी मागे वळून बघितलं नाही. रोलमध्ये फोटो शिल्लक होते. माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

पावसाळा लागला. गाव ढगात बुडालं, हॉटेलं बंद झाली. मामांच्या घरी फोन नव्हता. स्टुडिओत होता, म्हणून कॅप्टन माझ्याकडे फोन करत. मामा बरकूच्या खांद्यावर हात ठेवून, घोंगडी पांघरून यायचे. पण फोन ते कधी कानाला लावायचे नाहीत. म्हणायचे, “तुम्हीच बोला. माझा आवाज तिकडं गेला आनि तिनं ऐकला तर?”

“छान आहे,” कॅप्टन तिकडून सांगत होते. “पाणी पिते. शीळ आता झोपेतसुद्धा येते मला. मुलं पाठीवर असली की पाय जपून टाकते. फक्त संध्याकाळी म्होरकी काढली की फाटकाशी जाऊन उभी राहते. अंधार पडेपर्यंत. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

मी फोन ठेवला. “छान आहे म्हणाले. पाणी पिते, मुलं तिला आवडतात.”

“आनि सांजच्याला?” मामांनी विचारलं.

“सांजच्यालाही छान असते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.” आणि घोंगडी सारखी करून उठले.

श्रावणात ते गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही, असं तानीमामी सांगत होती. ती हौसाला घेऊन स्टुडिओत आली ती तेराव्याच्या आधी. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. एवढी वर्षं फोटोवाल्यांच्या संगतीत राहिलेला माणूस, फोटो असणारच, असं तिला वाटत होतं. मलाही.

मी सगळी खोकी काढली. भाऊंच्या वेळची काढली, माझी काढली. दिव्यापुढे धरून एकेक निगेटिव्ह बघितली. शेवंती शेकडो ठिकाणी होती. मामांची टोपी होती, घोडीच्या मानेवरून डोकावणारी. खाकी पँट होती. लगामावरचा हात तर इतक्या फोटोंत होता, की त्याच्या शिरासुद्धा मला पाठ झाल्या. चेहरा कुठे नव्हता. हौसा रडायला लागली. म्हणाली, “आबांचा एक बी फोटू नाय? येक बी?”

तानीमामी रडली नाही. तिने फोटोंच्या ढिगातून एक उचलला. ट्रकच्या फळीवरून मान काढलेली शेवंती, कपाळावर हळद-कुंकू, कान पुढे.

“हितं ते कुठं हुते?” तिने विचारलं.

“माझ्या मागे.”

“मंग ह्योच मोठा करून द्या,” ती म्हणाली.

तेराव्याला मी गेले. घरात शिरल्याबरोबर फोटो दिसेल असं वाटलं होतं, कारण गेलेल्या माणसाचा फोटो सगळे दारासमोर लावतात. तो तिथे नव्हता. मामा जिथे बसायचे त्या खाटेच्या समोरच्या भिंतीवर तो होता. झेंडूचा हार घातलेला, खाली खिळ्याला जुनी म्होरकी. शेवंती भिंतीवरून कान पुढे करून बघत होती. पाव्हणे येत होते, घोडीच्या फोटोला हार कसा म्हणून एकमेकांकडे बघत होते आणि न विचारता जेवायला बसत होते.

घरात गर्दी होती. मला पाय दुमडून बसायला जागा मिळेना, म्हणून मी जाऊन रिकाम्या खाटेवर टेकले.

तानीमामी वाढता वाढता थांबली. जवळ आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, “ताई, जरा सरकून बसा. ती बगतीया.”

मी खाटेवरून उठले आणि खाली जमिनीवर बसले.